चिवड्याचं टाइमशीट

पुण्यात माणसाला आडनाव विचारतात आणि कुत्र्याची थेट जात! आमच्या चिवड्याला घेऊन खाली उतरलं, की लिफ्टपासून गेटपर्यंत किमान दोघं तरी विचारणारच, ‘कुठल्या जातीचा हो?’ आई कॉकर स्पॅनियल, वडील टेरियर, असं सांगितलं की समोरचा ‘अच्छा, म्हणजे मिक्स’ म्हणतो आणि चेहऱ्यावर सहानुभूती आणतो. अहो, मिक्स आहे म्हणून तर चिवडा! नाव माझ्या आईनं ठेवलंय. त्याला केनेल क्लबचं सर्टिफिकेट कधी मिळणार नाही, आणि त्याला त्याचं सोयरसुतकही नाही.

पण या जातीच्या चौकशीतून एक कामाची गोष्ट कळते. स्पॅनियल आणि टेरियर, दोन्ही घराणी मुळात नोकरदार. झुडपात नाक खुपसून वुडकॉक नावाचे पक्षी उठवायचे, हे कॉकरचं काम, नावही त्यावरूनच पडलं. टेरियर हे नाव ‘टेरा’ म्हणजे जमीन, या लॅटिन शब्दावरून आलं. बिळात शिरून उंदीर-कोल्हे हुसकावणं हा यांचा पिढीजात धंदा. ही दोन्ही डिपार्टमेंट्स एका आठ किलोच्या देहात मर्ज झाली की काय होतं, ते आमच्या सोफ्याला विचारा! शेंगदाण्याचा लाडू कुठल्या डब्यात आहे, हे नाकाला कळतं आणि तिथवर कसं पोचायचं, हे पंजांना. वेताळ टेकडीवर मोर दिसला की त्याच्या अंगात सगळं खानदान संचारतं, त्यामुळे तिथे पट्टा सोडायचा प्रश्नच नाही. थोडक्यात, हायली क्वालिफाइड आणि सध्या बेकार. असा कोणी घरात असेल तर तो दिवसभर काय करतो, हे वेगळं सांगायला नको.

लोकांचा दुसरा प्रश्न, ‘टू बीएचकेत कुत्रा? जागा पुरते?’ बॉस, जागेचं टेन्शन सोडा. चिवडा दिवसातला निम्मा वेळ झोपलेला असतो, तोही दारातल्या पायपुसण्यावर. त्याला लागते दोन फूट जागा. खरे लागतात ते तास. सकाळी पाऊण तास फिरणं, संध्याकाळी पाऊण तास, आणि खेळ, विंचरणं, खाणं मिळून अर्धा तास. झाले रोजचे दोन. वर्षाचे सातशे तीस, म्हणजे अख्खा एक महिना. असा छोटा कुत्रा बारा वर्षं सहज जगतो. करा गुणाकार! तुमच्या आयुष्यातलं बरोब्बर एक वर्ष, रात्रंदिवस, त्याच्या नावावर. पिल्लू घेताना त्याची किंमत सगळे विचारतात, पण ही किंमत कोणी सांगत नाही.

चिवडा २०२० मध्ये आला, तेव्हा तास स्वस्त होते. आई, बायको आणि मी, तिघंही चोवीस तास घरात. २०२२ मध्ये ऑफिसनं बोलावलं आणि कोथरूड-हिंजवडी पुन्हा सुरू झालं. दिवसाची शिफ्ट आपोआप आईकडे गेली. ती कधी कुरकुरली नाही, त्यामुळे ती शिफ्ट आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं.

लगेच नातेवाईकांची कमिटी बसली. मामा म्हणाला, ‘मुळशीला ओळखीच्यांचं फार्महाऊस आहे, तिकडे सोडा. मोकळा हिंडेल बिचारा.’ ऐकायला छान. पण सोफ्यावर वाढलेला कुत्रा रात्री अंगणात बांधायचा, तोही अशा भागात? बिबट्याच्या आहारात कुत्र्यांचा वाटा किती मोठा असतो, हे पुणे जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. नुसतं कुठेतरी सोडून येणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच. आणि मोकळं हिंडायचंय कोणाला? हा बाथरूमच्या दाराबाहेरसुद्धा आपली वाट बघत बसतो.

आई एवढंच म्हणाली, ‘मला डॉक्टर रोज चालायला सांगणार आहेत. मग माझ्याबरोबर कोण चालेल?’

कमिटी बरखास्त! फ्रिजवर टाइमशीट लागलं. सकाळ माझी, रात्र बायकोची, दुपारी बिल्डिंगमधला एक कॉलेजचा मुलगा, पॉकेटमनीच्या बोलीवर. पहिले काही आठवडे आई वॉकर घेऊन कॉरिडॉरमध्ये चालायची, तेव्हा पट्टा माझ्या हातात असायचा. चिवडा चार पावलं पुढे जायचा, थांबायचा, मागे वळून तिच्याकडे बघायचा. ती पोचली की पुढची चार. फिजिओथेरपिस्टला फी मिळाली, याला बिस्किट. आता ती वॉकरशिवाय चालते. पण दुपारची शिफ्ट आम्ही तिला परत दिलेली नाही.

बाकी पथ्यं सोपी आहेत. लोंबते कान पुण्याच्या पावसाळ्यात कोरडे ठेवावे लागतात, नाहीतर इन्फेक्शन ठरलेलं. फिरून आलं की बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधायची. अंगात टेरियर असेल तर उंदरांशी गाठ पडणारच, म्हणून रेबीजबरोबर लेप्टोच्या लशीचंही डॉक्टरांना विचारा. महापालिकेचा परवाना काढा. सोसायटी लिफ्टवरून हुज्जत घालत असेल, तर प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. सोसायटीला कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र त्यानं केलेली घाण उचलायची पिशवी आपल्याच खिशात हवी. आणि दिवाळीत एक नियम पक्का, चिवड्याला चिवडा नाही! त्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते.

तेव्हा मंडळी, इन्स्टाग्रामवर गोंडस पिल्लू बघून जीव पाघळला, तर घरातल्यांना एकत्र बसवा आणि कागदावर तास लिहा. कोणाचे किती, ते नावासकट. फक्त आईच्या नावापुढचा आकडा सगळ्यात मोठा आला, तर पिल्लू तुम्ही घेत नाही आहात, तिला देताय.

आमच्याकडे आईच्या रजेत रात्रीची पाळीही माझ्याकडे आली, ती तशीच राहिलीय. माझ्या ऑफिस कॅलेंडरवर रोज साडेआठ ते सव्वानऊ ‘चिवडा’ असा ब्लॉक आहे. परदेशातल्या क्लायंटला वाटतं, ही कुठली तरी महत्त्वाची रिव्ह्यू मीटिंग असणार. मी कधी दुरुस्त केलं नाही. असतोच की रिव्ह्यू. दारात बसून तो घड्याळाकडे नाही, माझ्याकडे बघत असतो.