जमाखर्चाने पकडलेली गळती

कारखान्यात एका विभागाने पाठवलेला माल दुसऱ्याच्या वहीत कमी भरला, की पहिला संशय हिशेबनिसावर जातो. वास्तविक लिहिण्यातील चुका कधी जास्त, कधी कमी दाखवतात आणि कालांतराने बऱ्याच अंशी फिटतात. तूट सतत एकाच बाजूला वाढत असेल, तर वही सोडून नळ्या तपासाव्यात.

ब्रिटनमधील सेलाफील्डच्या ‘थॉर्प’ या अणुइंधन-पुनर्प्रक्रिया प्रकल्पात वापरलेले इंधन आम्लात विरघळवून, टांगलेल्या टाकीत तोलून नोंदवले जाई. मार्च 2005 मध्ये अपेक्षित आणि प्रत्यक्ष मोजलेल्या साठ्याचा मेळ बसेना. एप्रिलमध्ये कॅमेरा आत सोडला, तेव्हा तुटलेली नळी दिसली. सुमारे 83 हजार लिटर द्राव, त्यात जवळपास 20 टन युरेनियम व 160 किलो प्लुटोनियम, बंद कक्षात साचला होता. तो बाहेर गेला नाही, हे दैव नव्हे. कक्षाला पोलादी अस्तर होते.

मग आधी सूचना मिळालीच नव्हती काय? मिळाली होती. तळखड्ड्यातील नमुने आणि पातळीमापक कित्येक महिने गळतीकडेच बोट दाखवीत होते. परंतु नवा प्रकल्प गळणार कसा, या विश्वासापुढे त्यांची साक्ष कोणी मानली नाही. गंमत अशी, की तुटली ती तोलण्याच्या टाकीचीच नळी! टांगलेली टाकी हालत राहिली आणि धातू थकला. 2006 मध्ये न्यायालयाने चालक कंपनीला 5 लाख पौंड दंड ठोठावला.