मालवण बाजारपेठेतील गाळे व मासळी बाजार कमी विजेवर चालणारे आणि खाऱ्या हवेत टिकणारे करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
मालवण नगरपरिषद, मालवण,
जि. सिंधुदुर्ग

विषय : नगरपरिषदेच्या गाळ्यांची व मासळी बाजाराची दुरुस्ती किंवा नवे बांधकाम करताना योग्य तंत्रज्ञान निवडणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे मालवण बाजारपेठेतील दुकानदार, गाळेधारक आणि मासळी विकणाऱ्या महिला. काजू-कोकम-खाजे विकणारे असोत की सुरमई-पापलेट बर्फात सांभाळणाऱ्या, वीज आम्हाला व्यापारी दरानेच मिळते. पण गाळ्याचे छप्पर नगरपरिषदेचे आणि विजेचे बिल आमचे. छप्पर तापले तर त्याचा भुर्दंड मालकाला पडत नाही, आणि भाडेकराराची मुदत सरत आली की गाळेधारकही त्यावर खर्च करत नाही. हा तिढा आपणच सोडवू शकता.

कायदा आमच्यापर्यंत पोहोचत नाही. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 2007 साली आली, पण ती 100 किलोवॅट जोडभार किंवा 120 केव्हीए करार मागणीपासून पुढच्या इमारतींसाठी. मॉल त्यात येतो, मालवणचा गाळा येत नाही. ऊर्जा संवर्धन कायद्यातील 2022 च्या दुरुस्तीने ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. तो वापरण्याची शिफारस नगरपरिषदेने ठराव करून शासनाकडे पाठवावी. मात्र स्वतःच्या मालकीच्या गाळ्यांसाठी नियम करायला आपल्याला तेवढे थांबण्याची गरज नाही.

पहिला विचार छपराचा आणि दर्शनी भागाचा व्हावा. आपली जुनी दुकाने चिऱ्याच्या जाड भिंतींची, कौलांची आणि पुढे पडवी असलेली. पडवी उन्हाची तिरीप अडवते आणि पावसाची झडही. अलीकडे दर्शनी भागाला काच लावून, वर साधा पत्रा टाकून आत एसी बसवण्याची पद्धत पडली आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात दुपारभर ऊन आत घ्यायचे आणि तेच विजेने बाहेर काढायचे, हा व्यवहार आम्हाला पटत नाही. कौलारू दुकानात एसीही योग्य नाही, गार हवा फटींतून निघून जाते. म्हणून नव्या बांधकामात पडवी सक्तीची करावी, पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्यावा आणि वाऱ्याला आरपार वाट ठेवावी. पाण्याचे कूलर मात्र कोणत्याही योजनेतून आमच्या माथी मारू नयेत. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते काम करतात, आमच्या दमट हवेत घाम वाळवायला वाराच लागतो. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी पंखा 30 च्या आसपास. रोज 12 तास चालला तर 300 दिवसांत एका पंख्यामागे 162 युनिट वाचतात.

सौरऊर्जेसाठी मालवणसारखी जुळणी क्वचितच मिळेल. आमचा पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मे, आणि स्वच्छ ऊनही त्याच महिन्यांत. पावसाळ्यात पॅनेलचे उत्पादन घटते, तेव्हा गर्दीही ओसरते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्याने मासळीसाठीची थंडाईही कमी लागते. तेव्हा बाजाराच्या छतावर नगरपरिषदेने सौर संच बसवून सामायिक दिवे, पाण्याचे पंप आणि मासळीची शीतपेटी त्यावर चालवावी. 2024 ची पंतप्रधान सूर्यघर योजना फक्त घरांना अनुदान देते. छोट्या दुकानांसाठी तशी मदत मिळावी म्हणून आपण शासनाकडे पाठपुरावा करावा.

मे 2021 मधले तौक्ते वादळ आम्ही विसरलेलो नाही. खांब कोसळले, वीज गेली आणि फ्रीझरमधला माल फेकावा लागला. बॅटरी नसलेला साधा ग्रीडजोड सौर संच अशा वेळी सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो, हे निविदा काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. किमान मासळीच्या शीतपेटीसाठी बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर हवाच, आणि पॅनेलची बांधणी वादळी वाऱ्याचा हिशेब करून व्हावी.

आमचा सर्वांत मोठा आग्रह निविदेबद्दल आहे. सर्वांत कमी किमतीची वस्तू घेतली की खारा वारा ती काही पावसाळ्यांत खातो. सौर संचाचे सांगाडे ॲल्युमिनियमचे किंवा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जाळीवर गंजरोधक लेप, अशा अटी निविदेत लिहिल्या जाव्यात. निवड खरेदीच्या किमतीवर न करता 10 वर्षांची वीज आणि दुरुस्ती धरून व्हावी. फ्रीझर घेताना आर-290 सारखे, हवामानाला कमी घातक असलेले शीतक वापरणारे यंत्र पाहावे, आणि ते दुरुस्त करणारा प्रशिक्षित कारागीर जिल्ह्यात असेल याचीही व्यवस्था व्हावी.

जो गाळेधारक स्वखर्चाने छपराखाली थर घालेल किंवा पडवी दुरुस्त करेल, त्याचा खर्च भाड्यातून वळता करावा किंवा कराराची मुदत वाढवून द्यावी.

पुढील वर्षाच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके ठरण्यापूर्वी महावितरण आणि महाऊर्जा यांच्या प्रतिनिधींसह आमची संयुक्त बैठक बोलवावी, तिला मासळी विक्रेत्या महिलांना आवर्जून निमंत्रण द्यावे आणि प्रत्येक मागणीवरील निर्णय आम्हाला लेखी कळवावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
मालवण बाजारपेठेतील दुकानदार, गाळेधारक व मासळी विक्रेत्या महिला
(सह्या सोबत जोडल्या आहेत)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग