फुटक्या भांड्याची पाटी
तारेने आवळलेली, लाखेने सांधलेली जुनी भांडी संग्राहक हौसेने जमवतात. तडा हेच त्यांच्या लेखी सौंदर्य. कुंभकोणममध्ये तर फुटका कुंभच पूज्य आहे. शिवाच्या बाणाने अमृतकुंभ फुटला, अशी आदिकुंभेश्वर मंदिराची कथा. पण चांडाळाने फुटक्या भांड्यात जेवावे, हा मनुस्मृतीच्या १०व्या अध्यायातला नियम. याच तमिळनाडूत चहाच्या टपरीवर दलितांचा पेला वेगळा ठेवण्याच्या प्रथेला ‘इरट्टै कुवळै’ असे नावच आहे. आपल्या आज्यांनी मडके सांधले, ते दुसरे घेण्याची ऐपत नव्हती म्हणून. ही भांडी जरूर जपा. पण पाटीवर साल आणि शैलीबरोबर हेही लिहा, की फुटक्यातच जेवा असे सांगणारा ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला.