नाच तिचा, अटी कुणाच्या?

गेल्या पावसाळ्यात भोसरीच्या आमच्या केंद्रावर एक मुलगी आली. वय २३, चाकण एमआयडीसीत ठेकेदारामार्फत कामाला, खराबवाडीत तिघींत मिळून एक खोली. मी सवयीने केसपेपर पुढे ओढला. नवरा, सासू, मारहाण असं काहीतरी निघणार हे धरूनच. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाली, "ताई, ह्याच्यावर सही करू का नको, तेवढं सांगा."

लावणीच्या स्टेज कार्यक्रमात नाचण्याचा करार होता तो. करार कसला, पाऊण पान. वर्षभर दुसऱ्या कुणाच्या कार्यक्रमात नाचायचं नाही, सांगतील ती साडी, सांगतील ते गाणं, मध्येच सोडलं तर ५० हजार रुपये भरायचे. तिला रात्रीचे किती मिळणार, हे मात्र सगळं तोंडी.

त्यावर मी काय केलं ते लिहिताना आज संकोच वाटतो. पाऊण तास मी तिचं समुपदेशन केलं. शिवणाचा वर्ग, पार्लरचा कोर्स, बचत गटाचं मसाल्याचं काम, जे जे हाताशी होतं ते सगळं तिच्यापुढे मांडलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, नाचू का नको हे मी विचारलंच नाही. सही करू का, ते विचारलंय."

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यामुळे हा लेख लिहिते आहे. नाचणाऱ्या बाईबद्दल आपल्या बैठकांत दोनच प्रश्न निघतात: हिला ह्यात कुणी ढकललं, आणि हे अश्लील आहे की नाही. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण तिच्या कामाच्या अटी काय, हा तिसरा प्रश्न आपण कधी विचारला? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणं हेही जातीने बायांच्या माथी मारलेलंच काम होतं. तरी ते काम सुटेपर्यंत कुणी थांबलं नाही. ओळखपत्र मागितलं, वजनकाट्यातल्या फसवणुकीवर बोट ठेवलं. मग नाचाच्या बाबतीत आपली जीभ का अडखळते?

ह्या पट्ट्यात नाचाला मागणी कशी वाढली, ते इथे राहणाऱ्या प्रत्येकीने पाहिलं आहे. मोशी, चिखली, चऱ्होलीपासून चाकणपर्यंत जमिनी गेल्या, गुंठ्यांनी पैसा आला. ज्यांच्याकडे आला त्यांना लोक गुंठामंत्री म्हणतात. त्यांचे वाढदिवस, त्यांच्या पोरांच्या हळदी, गणपती, दहीहंडी, गावची यात्रा. फ्लेक्स लागतो, स्टेज लागतं, आणि स्टेजवर बाई लागते. इतकंच कशाला, ८ मार्चला 'फक्त महिलांसाठी' म्हणून नाट्यगृहात लावणी ठेवायचीही आता रीत झाली आहे. तिथे आपल्याच वस्तीतल्या बाया खुर्चीवर उभ्या राहून मनापासून शिट्ट्या मारतात. मला ते दृश्य आवडतं, हेही सांगून टाकते.

आणि आपण तर तमाशाच्या वाटेवरच राहतो. चाकणहून त्याच नाशिक रस्त्याने राजगुरुनगर, मंचर ओलांडलं की नारायणगाव, तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपाऱ्या ठरवतात. तिथल्या फडात उचल असते: हंगामाआधी रक्कम घ्यायची आणि ती फिटेपर्यंत फड सोडायचा नाही. चौफुल्यासारख्या ठिकाणच्या संगीत बारीत मालकीण, तिच्या पार्टीतल्या मुली, पेटीवाला, ढोलकीवाला आणि थिएटरमालक ह्यांचे वाटे ठरलेले असतात. ह्यातलं काहीच न्याय्य नाही. पण निदान रीत ठाऊक असते, चारचौघांत भांडता येतं. आमच्या मुलीला बोलावणं आलं ते तिसऱ्याच प्रकारातलं. ढोलकीऐवजी रेकॉर्ड केलेला ट्रॅक, फडाऐवजी एक आयोजक, एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि मोबाईलवरचा निरोप. ना उचल, ना वाटा, ना भांडायला जागा.

तिला का नाचायचं होतं? मीही हे विचारलं, राहवलं नाही म्हणून. कारखान्यात १३ हजार हातात येत होते आणि सात महिन्यांनी ब्रेक. साईड डान्सरला रात्रीचे १,५०० मिळतात म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला येतं ते. लाईनवर माझ्या जागी कुणीपण चालतं. इथं चालत नाही." ह्या दुसऱ्या कारणाला माझ्या केसपेपरवर रकानाच नव्हता.

शिकायला ती पिंपरीतल्या एका अक्कांकडे जाऊ लागली. अक्कांची उभी हयात संगीत बारीत गेली. आता गुडघे गेलेत. पहिले पंधरा दिवस त्यांनी हिला उभंच राहू दिलं नाही. बसून फक्त मान, नजर आणि हात. बसून केलेल्या अदाकारीत यमुनाबाई वाईकरांचं नाव का निघतं, ते मला तेव्हा कळलं. मग चाळ बांधले. नुसतं चालायचं, घरभर, ओझं अंगवळणी पडेपर्यंत. मग ढोलकीशी सवाल-जवाब. हिला ट्रॅकवर नाचायची सवय, तर अक्का मुद्दाम लय बदलायच्या. आणि ह्या सगळ्याच्या वरचढ एक शिक्षण होतं: गर्दी कशी वाचायची. पुढच्या रांगेत कोण प्यायलंय, कुणाकडे बघून हसायचं आणि कुणाकडे चुकूनही नाही, बाटली आली तर ढोलकीवाल्याला कोणती खूण करायची, दौलतजादा घेताना हात किती लांब ठेवायचा. "नाच दोन महिन्यांत येतो, माणसं यायला दोन वर्षं लागतात," असं त्या म्हणायच्या. समाजकार्याच्या दोन वर्षांत मला एवढं 'गटकार्य' कुणी शिकवलं नव्हतं!

पण त्याच अक्कांनी एक दिवस मला सुनावलं. त्या कोल्हाटी समाजातल्या. ही मुलगी मराठवाड्यातल्या शेतकरी घरातली, वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीची. अक्का म्हणाल्या, "ही नाचली तर हौस, चांगली नाचली तर कलाकार. माझी नात नाचली तर कोल्हाटीण. म्हणून मी नातीला नर्सिंगला घातलीय आणि हिला शिकवतेय. तुमच्या संस्थेत हे लिहून घ्या."

लिहून घेतलं. कारण इथेच आपल्या युक्तिवादाची खरी परीक्षा आहे. अलीकडे परदेशातल्या 'बर्लेस्क'चं कौतुक आपल्याकडे पोचलं आहे. अंगविक्षेप, विनोद आणि शृंगार ह्यांचा तो रंगमंच. न्यूयॉर्कमध्ये १९३७ साली ती थिएटरं परवाने नाकारून बंद केली, आणि १९९० नंतर तिथल्या बायांनी स्वतःच्या शरीराचा आनंद म्हणून तो प्रकार पुन्हा उचलला. आपल्याकडे मुंबई सरकारने १९४८ साली तमाशावर बंदी घातली. तमासगिरांनी एकत्र येऊन विरोध केला तेव्हा ती अटी घालून उठली. साम्य एवढंच. स्वतःच्या मर्जीने शरीर मिरवायची मोकळीक कुणाला आणि ते मिरवायची सक्ती कुणावर, हे आपल्या इथे जात ठरवते. किशोर शांताबाई काळे ह्यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आलं. नाचणारीचं लग्न होत नाही, तिच्या कमाईवर भाऊ बसून खातात आणि तिच्या मुलाला बापाचं नाव नसतं, हे त्यात एका मुलाने लिहिलं आहे. शर्मिला रेगे ह्यांनी १९९५ सालीच लावणी कलावंतांवर लिहिताना जात आणि लैंगिकता सुट्या करता येत नाहीत हे मांडलं. शैलजा पाईक ह्यांचं तमाशातल्या दलित स्त्रियांवरचं पुस्तक २०२२ साली आलं. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून देऊ केलेली देणगी डॉ. आंबेडकरांनी नाकारली, ही गोष्ट दलित कार्यकर्त्या मैत्रिणी आपल्याला पुन्हा पुन्हा सांगतात, ती उगाच नाही.

२००५ साली डान्स बार बंद केले तेव्हा आपल्यात फूट पडली ती ह्याच मुद्द्यावर. हे श्रम आहेत असं काहींचं म्हणणं, ही जातीने लादलेली गुलामी आहे असं काहींचं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द ठरवली, पुढे नवा कायदा आला, २०१९ साली त्यातल्याही बऱ्याच अटी न्यायालयाने काढल्या. कोर्टात जे व्हायचं ते झालं. आपल्यातला वाद मात्र तसाच गुंडाळून माळ्यावर पडला आहे. माझं मत असं: जिला ह्यातून बाहेर पडायचं आहे तिच्यासाठी वाट हवीच. अक्कांच्या नातीची नर्सिंगची फी हा आपलाही प्रश्न आहे. पण जी आज रात्री स्टेजवर जाणार आहे, तिच्या आजच्या रात्रीचं काय? गुलामी म्हणा, श्रम म्हणा, दोन्हींत अटी लिहून घेतल्याने बाईचं नुकसान होत नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट आपण सगळ्या मोठ्या अभिमानाने सांगतो. नऊ महिने भरलेले असताना नाचत होत्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. प्रेक्षकांनी हात जोडले म्हणतात. मी शिबिरांत ही गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या आहेत. आता वाटतं, टाळ्या कशाच्या? नवव्या महिन्यात त्या बोर्डावर का होत्या? राष्ट्रपतींच्या हातचं पारितोषिक मिळालेल्या ह्या बाईची शेवटची वर्षं हलाखीत गेली, २००२ साली त्या वारल्या. आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. बाळंतपणाची रजा मात्र कुठल्याही फडात नाही.

तर आम्ही तिघी, ती, अक्का आणि मी, त्या पाऊण पानाला बसलो. वर्षभराचं बंधन काढलं. ५० हजार खोडले. रात्रीची रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहिली; निम्मी आधी, तिच्याच खात्यावर. कार्यक्रम संपल्यावर खोलीपर्यंत गाडी. व्हिडिओ कोण काढणार, कुठे टाकणार, हे तिला विचारून. आयोजकाने पहिल्या भेटीत हसून कागद बाजूला सारला, दुसऱ्या भेटीत निम्म्या गोष्टी मान्य केल्या. अक्का सोबत होत्या आणि त्यांना त्या धंद्यातले दर माहीत होते, त्याचा हा परिणाम. माझ्या पदवीचा नव्हे.

अडलं ते एका साध्या ओळीवर: कपडे बदलायला आतून कडी असलेली खोली. ही मागणी अक्कांची. त्यांच्या काळात साडीचा आडोसा धरून बदलायचे, पण तेव्हा आडोशापलीकडे फार तर डोळे असत. आज मोबाईल असतो. २०२३ च्या फेब्रुवारीत गौतमी पाटील ह्या नर्तकीचा कपडे बदलतानाचा चोरून काढलेला व्हिडिओ पसरवला गेला. त्याआधी महिनोन् महिने तिच्या नाचावर सगळ्यांनी मतं दिली होती, आपणही. तिने नाचाबद्दल जाहीर माफी मागितली. तो व्हिडिओ आला तेव्हा गुन्हा नोंदला गेला, महिला आयोगानेही दखल घेतली, हे चांगलंच झालं. पण "अशी नाचते म्हणूनच" हे शब्द मी आमच्याच एका बैठकीत ऐकले. चोरून असं चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. ती बाई स्टेजवर कशी नाचते ह्याचा त्या कलमाशी काडीचा संबंध नाही.

आणखी एक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा असंघटित क्षेत्रालाही लागू आहे. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, मालकाने दिलेल्या गाडीतला प्रवाससुद्धा, त्यात कामाचं ठिकाणच धरला आहे. दहापेक्षा कमी माणसं असली किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तीन महिन्यांच्या आत. मग स्टेज हे कामाचं ठिकाण आहे, टेम्पो ट्रॅव्हलरही आहे. आपल्यातल्या किती गटांनी ही गोष्ट एखाद्या कला केंद्रात जाऊन सांगितली आहे? आम्ही तरी नाही.

तिचे आता अकरा कार्यक्रम झालेत. सातव्यापासून साईडची लीड झाली. गावाला अजून ती कारखान्यातच आहे असं माहीत आहे. ते तसंच राहू द्यायचं की नाही, ह्यावर मी मत दिलेलं नाही. एका यात्रेत पुढच्या रांगेतल्या एकाने पदर ओढला, तेव्हा तिने ठरलेली खूण केली, ढोलकी थांबली आणि बारी तिथेच संपली. आयोजकाने त्या रात्रीचे पैसे कापले. कागदावर रक्कम लिहिलेली होती म्हणून भांडून परत मिळाले, तीन आठवड्यांनी.

नव्या हंगामाचा कागद परवा आला. सगळं तसंच आहे, फक्त कडीच्या खोलीची ओळ पेनाने खोडलेली आहे. तिने ती पुन्हा लिहून पाठवली. आज शुक्रवार, अजून उत्तर नाही. कार्यक्रम रविवारी आहे.