‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’

पुण्यातल्या आमच्या घरासमोर पुनर्विकासाचे काम सुरू झाले, त्याला आता दीड वर्ष होईल. जुनी तीन मजली इमारत पाडली गेली, पत्र्यांचे कुंपण उभे राहिले आणि त्यावर एक फलक लागला : ‘काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. वाक्य दिसले की त्याचा कर्ता शोधायचा, ही आमची जुनी खोड. या वाक्यात कर्ता सापडत नाही. ‘क्षमस्व’ हे संस्कृतातले आज्ञार्थी रूप. त्याचा अर्थ ‘क्षमा कर’. म्हणजे ‘आम्हांला खेद वाटतो’ असे हा फलक म्हणतच नाही. क्षमा करण्याचे काम तो परस्पर आमच्यावर सोपवतो. आज्ञार्थाने विनंतीही करता येते, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु विनंती करणाऱ्याला समोर उभे राहावे लागते. इथे पत्र्यामागे कोण आहे, हेच कोणी सांगत नाही.

‘गैरसोय’ हा शब्दही तपासून पाहावा. तासभर नळाला पाणी नसणे ही गैरसोय. दोन मजली तळघर वाहनतळासाठी पुण्याचा काळा कातळ महिनोन्‌महिने ब्रेकरने फोडत राहणे, त्या हादऱ्यांनी आमच्या भिंतींना तडे जाणे, खालच्या मजल्यावरच्या दम्याच्या आजींनी भर उन्हाळ्यात खिडक्या बंद करून बसणे, आणि बारावीच्या मुलाने कानात कापूस घालून अभ्यास करणे, याला गैरसोय म्हणायचे असेल, तर मराठीत ‘त्रास’ हा शब्द कशासाठी ठेवला आहे?

कायदा याबाबत मुका नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्र म्हणजे दहा ते सहा, हेही त्यांनीच ठरवले. २०१० साली त्यांत दुरुस्ती झाली आणि निवासी भागात रात्री आवाज करणारी बांधकामाची यंत्रे वापरू नयेत, असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले गेले. तरीही रात्री साडेअकराला काँक्रीटच्या गाड्या येतात आणि मागे वळताना त्यांचे भोंगे वाजत राहतात. चौकीवर फोन केला तर पालिकेकडे जा म्हणतात. पालिकेत गेले तर चौकीचा रस्ता दाखवतात.

यावर बांधकामवाल्यांचे एक उत्तर असते आणि ते ऐकून घेतले पाहिजे. दिवसा अनेक रस्त्यांवर अवजड वाहनांना बंदी असते. तयार काँक्रीट गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांत ओतावे लागते, आणि सुरू केलेला स्लॅब वाटेल तिथे थांबवता येत नाही. अडचण खरी आहे. परंतु काम पहाटेच्या नियमाची वेळ पाळून सुरू करता येते, गाड्या आणि पंप वाढवता येतात, स्लॅबचे आधीच ठरवून भाग पाडता येतात. या सगळ्याला पैसे लागतात. ते वाचवण्यासाठी रात्र वापरली जाते, म्हणजे त्यांच्या खर्चाचा एक हिस्सा आम्ही आमच्या झोपेतून भरतो. त्याची पावती मात्र कोणी देत नाही.

आणि ज्याला पैसे लागतच नाहीत, ते तरी कुठे होते? स्लॅब कोणत्या दिवशी आहे, हे साइटवरच्या इंजिनीअरला आधीपासून ठाऊक असते. काँक्रीटची मागणी, पंप, माणसे, सारे ठरलेले असते. फक्त भिंतीपलीकडच्या माणसाला ते कळवायचे सुचत नाही. स्थावर संपदेचा कायदा २०१६ साली झाला, २०१७ साली महारेरा आले. दूरगावच्या ग्राहकालाही आता प्रकल्पाचे नकाशे आणि पूर्ततेची तारीख घरबसल्या पाहता येते. ते योग्यच झाले. पण उद्या सकाळी ब्रेकर किती वाजता सुरू होणार, हे वीस फुटांवरच्या शेजाऱ्याला सांगणारी जागा कोणती?

आमच्या मागण्या साध्या आहेत. खोदकामापूर्वी शेजारच्या इमारतींची संयुक्त पाहणी करून भिंतींची छायाचित्रे दोन्ही पक्षांकडे ठेवावीत, म्हणजे तडा आधीचा की नंतरचा, हा वाद उरणार नाही. फलकावर जबाबदार माणसाचे नाव, त्याचा उचलला जाणारा फोन, कामाच्या वेळा आणि आवाजाच्या कामांचे आठवड्याचे वेळापत्रक असावे. ब्रेकरला दुपारी दोन तास विश्रांती द्यावी. पुण्याच्या दुपारच्या झोपेची चेष्टा खुशाल करा, पण तान्ही बाळे आणि रात्रपाळीचे कामगार चेष्टेपुरते झोपत नाहीत. पाणी मारणे, राडारोडा झाकून नेणे, ओली हिरवी जाळी लावणे हे उपकार नव्हेत. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुरांशी आमचे भांडण नाही. तीच धूळ आणि तोच आवाज ते खिडकीच्या काचेविना सोसतात.

मग हे मागण्याचा आम्हांला अधिकार किती? गेल्या महिन्यात आमच्याच सोसायटीची पुनर्विकासाची सभा झाली. चटईक्षेत्र, भाडे, वाढीव जागा, दोन गाड्यांची सोय यांवर तीन तास चर्चा झाली. समोरच्या आणि मागच्या घरांचे काय, हा प्रश्न एकानेही विचारला नाही. आम्हीही नाही. पुढच्या सभेत आम्ही वरील मागण्या करारात घालण्याचा ठराव मांडणार आहोत. तो नामंजूर झाला, तर आमच्या फाटकावरही तोच फलक लागेल, आणि त्या वाक्यातला हरवलेला कर्ता आम्हीच असू.