परवाना, मुक्काम आणि मोकळे रान

अरण्यप्रवासाविषयीच्या लेखनात एक गोष्ट सहसा गाळली जाते. त्यात तळ्यावरचे धुके असते, लून पक्ष्याची साद असते, वल्ह्यावरून ओघळणारे पाणी असते. पण ज्या कागदामुळे लेखकाला त्या पाण्यावर उतरता आले तो परवाना मात्र कुठेच नसतो. कागदाचा उल्लेख केला तर अरण्याचे अरण्यपण उणे होईल, अशी बहुधा भीती असावी. आमचे मत याच्या उलट आहे. परवाना हे त्या प्रवासाचे पहिले पान आहे, आणि ते फाडून उरलेला ग्रंथ वाचणाऱ्यास त्याचा अर्थ अपुराच लागणार.

उदाहरणादाखल आम्ही बाउंडरी वॉटर्स हा प्रदेश घेतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर सीमेवर, सुपीरियर राष्ट्रीय वनाच्या पोटात तो पसरलेला आहे. क्षेत्रफळ १० लाख एकरांहून अधिक; हजारावर तळी, त्यांना जोडणारे ओढे व नद्या, आणि दोन पाण्यांमधल्या जमिनीवरून कनू खांद्यावर घेऊन जाण्याच्या पायवाटा. या वाटांना पोर्टेज म्हणतात. त्यांची लांबी आजही रॉड या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे १६.५ फूट, साधारण एका कनूएवढे अंतर. मोजण्याचे माप आणि वाहण्याचे ओझे एकच असलेला हा मुलूख आहे.

येथे १ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्रीच्या मुक्कामासाठी जायचे तर कोट्यातील परवाना लागतो. प्रत्येक प्रवेशस्थळावरून रोज किती गटांनी आत जावे हे ठरलेले आहे. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसे व ४ होड्या. परवान्यावर गटप्रमुखाचे नाव असते, आणि तो दुसऱ्यास विकता वा देता येत नाही. डबे व काचेच्या बाटल्या नेण्यास मनाई आहे. एवढी बंधने पाळून एकदा आत गेले, की पुढे कोणत्या तळ्यावर किती दिवस राहावे हे परवाना सांगत नाही. सुमारे २,००० नेमलेल्या मुक्कामाच्या जागा आहेत. प्रत्येक ठिकाणी चुलीसाठी एक लोखंडी जाळी आणि मागे झाडीत एक उघडा शौचकूप. जो आधी पोचेल त्याची जागा. नकाशावर या जागा लाल ठिपक्यांनी दाखवलेल्या असतात, पण कोणता ठिपका रिकामा आहे हे पाण्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

ही व्यवस्था एका शब्दापाशी येऊन पोचते. १९६४ च्या अमेरिकी अरण्य कायद्याचा मसुदा प्रामुख्याने हॉवर्ड झानायझर यांनी लिहिला. मे महिन्यात ते वारले आणि ३ सप्टेंबरला कायद्यावर स्वाक्षरी झाली. अरण्याची व्याख्या करताना त्यांनी ‘अनट्रॅमल्ड’ हे विशेषण योजले. पुष्कळ लोक ते घाईत ‘अनट्रॅम्पल्ड’, म्हणजे न तुडवलेले, असे वाचतात. पण ट्रॅमल म्हणजे मुळात मासे धरण्याचे जाळे, आणि पुढे घोड्याच्या पायांतील बंधन. तेव्हा कायद्याला अभिप्रेत असलेली भूमी न तुडवलेली नव्हे, न जखडलेली आहे. हा भेद केवळ कोशातला नाही. न तुडवलेली भूमी हवी असेल तर माणसाला बाहेरच ठेवावे लागेल. न जखडलेली भूमी हवी असेल तर माणसाला आत येऊ देता येते. मात्र जमीन मोकळी राहावी म्हणून तो स्वतःला थोडे बांधून घेतो. परवाना हे ते बांधून घेणे होय. अरण्य स्वतंत्र आहे म्हणून तेथे मी हवे तसे वागेन, असे म्हणणाऱ्याने विशेषण चुकीच्या नामास लावले आहे.

बाउंडरी वॉटर्समध्ये परवान्याची सक्ती १९६६ साली आली आणि प्रवेशस्थळांचे कोटे १९७० च्या दशकात. त्यामागे अभ्यास होता. वनखात्याचे संशोधक रॉबर्ट लुकास यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथील प्रवाशांना अरण्य कुठे सुरू होते असे विचारले, तेव्हा उत्तरे जुळली नाहीत. मोटरबोटीने फिरणाऱ्यांचे अरण्य बरेच विस्तृत निघाले. वल्हे मारणाऱ्यांचे लहान, कारण मोटर ऐकू आली की त्यांचे अरण्य तिथेच संपे. मोटरवाल्यांना कनूवाल्यांचा त्रास नव्हता, कनूवाल्यांना मात्र मोटरवाल्यांचा होता. वाचकानुसार संहितेचा अर्थ बदलतो हे आपण वर्गात शिकवतो. तेच तेथे नकाशावर दिसले, आणि त्यातून धोरणे ठरली. १९७८ च्या कायद्याने बहुतेक तळ्यांवरून मोटर हटली, आणि त्या वादाने आसपासच्या गावांत खोल फूट पाडली. ‘द सिंगिंग वाइल्डरनेस’ (१९५६) या ग्रंथाचे लेखक सिगर्ड ओल्सन यांचा पुतळा १९७७ साली त्यांच्याच इली गावात फासावर लटकवला गेला. अरण्याविषयीच्या ललित गद्यामागे असा रोकडा संघर्ष असतो. पाठ्यपुस्तकातील उताऱ्यात तो दिसत नाही.

आता प्रश्न असा, की बांधायचे ते नेमके काय? याला निदान तीन उत्तरे उपलब्ध आहेत. बाउंडरी वॉटर्स प्रवेश बांधते व जागा नेमून देते, पण रात्र मोकळी सोडते. सीमेपलीकडे कॅनडातील क्वेटिको उद्यानातही प्रवेशाचा कोटा आहे. तेथे नेमलेल्या जागाच नाहीत, लोखंडी जाळी नाही. कुणाच्या तरी जुन्या चुलीचे दगड पाहून मुक्काम ओळखायचा. ओंटारिओमधीलच ॲल्गॉन्क्विन उद्यानात प्रत्येक रात्रीचे तळे आगाऊ आरक्षित करावे लागते. सोमवारी या तळ्यावर, मंगळवारी त्या तळ्यावर; तळ्यावरची कोणती जागा घ्यायची एवढेच हाती उरते.

छंदशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ॲल्गॉन्क्विन हे अक्षरगणवृत्त आहे: प्रत्येक अक्षराचे स्थान ठरलेले. बाउंडरी वॉटर्स ही ग्रंथांतली ओवी. चरणांचा आणि यमकाचा बंध आहे, पण चरणात किती अक्षरे बसवायची ते कवीच्या श्वासावर. आमचा कल ओवीकडे आहे, आणि त्याचे कारण रसिकतेचे कमी, व्यवहाराचे अधिक आहे. मोठ्या तळ्यावर दुपारी वारा चढला, तर शहाणा माणूस किनाऱ्याला लागून थांबतो. ज्याची रात्र पलीकडच्या तळ्यावर नोंदलेली आहे, त्याला थांबण्याचा निर्णय घेताना नियमभंगाचे ओझेही वाहावे लागते. आजारी सोबती, लांबलेले पोर्टेज, वादळ, वणवा, यांपैकी कशालाही महिनोन्‌महिने आधी केलेल्या आरक्षणाची जाण नसते. ४ जुलै १९९९ रोजी सोसाट्याच्या वाऱ्याने याच प्रदेशात लाखो झाडे काही तासांत आडवी केली. २०११ च्या पगामी क्रीकच्या वणव्याने सुमारे ९२,००० एकर जाळले. अशा भूमीवर बेत लवचिक असलेलाच बरा.

अर्थात दुसरी बाजूही खोटी नाही. जागा नोंदलेली असेल तर लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबास दुपारनंतर जागेसाठी धावावे लागत नाही. ‘आधी पोचेल त्याची’ हा नियम दिसायला समतेचा असला, तरी व्यवहारात तो दणकट दंडांचा आणि पहाटे उठणाऱ्यांचा पक्षपाती आहे. पण यावरचा उपाय प्रत्येक रात्र बांधण्यात नसून दारावरची संख्या नेटकी ठेवण्यात आहे, असे आम्हांस वाटते. कोटा ठरवताना अमुक दारातून शिरलेले गट कितव्या रात्री कुठे पोचतील याचा अंदाज बांधता येतो. आत मुक्कामाच्या जागांना गर्दी झाली, तर चूक आतल्या प्रवाशाची नसून दारावरच्या हिशेबाची असते. २०२० व २०२१ च्या गर्दीनंतर वनखात्याने २०२२ साठी परवान्यांची संख्या घटवली, ती याच न्यायाने.

खरी अडचण दारावरच आहे. हंगामाचे आरक्षण जानेवारीअखेरीस एका ठरलेल्या सकाळी खुले होते, आणि लोकप्रिय प्रवेशस्थळांच्या चांगल्या तारखा पाहता पाहता संपतात. ज्याला पाच महिने आधी रजेची तारीख ठाऊक असते, ज्याच्याकडे वेगवान जोडणी आहे, ज्याला कोणते दार कोणत्या तळ्यावर उघडते हे आधीच माहीत आहे, त्याच्या पदरात परवाना पडतो. रोजंदारीवरील माणूस, पहिल्यांदाच जाऊ पाहणारा विद्यार्थी, आठवड्याच्या पाळीवर काम करणारी परिचारिका मागे राहतात. येथे पैशाइतकेच भांडवल नियोजनाच्या साक्षरतेचे आहे, आणि ती साक्षरता सर्वांना सारखी वाटलेली नसते.

म्हणून जेथे मागणी कोट्याहून फार मोठी आहे तेथे वेगाच्या शर्यतीऐवजी सोडत असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. याला दाखला आहे. ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीत स्वतःच्या बळावर उतरणाऱ्यांची प्रतीक्षायादी इतकी लांबली होती की नंबर लागायला दहा वर्षांहून अधिक काळ जाई. २००६ साली ती मोडून भारित सोडत आणली गेली. अलीकडे जे गेलेले नाहीत त्यांच्या चिठ्ठीचे वजन अधिक. सोडतीत निराशा असते, पण ती नशिबाकडून येते. शर्यतीतली निराशा मात्र माणसाच्या परिस्थितीचा निकाल लावते.

आणि या दाराच्या आतल्या बाजूस जे होते, त्यांचे काय? कनू हा शब्द वापरताना आपण विसरतो, की भूर्जसालीची ती होडी आणि पोर्टेजच्या वाटा ही त्या मुलखातील मूळ रहिवाशांची निर्मिती आहे. ओजिब्वे लोकांनी १८५४ च्या करारान्वये भूमी दिली, पण शिकारीचे व मासेमारीचे हक्क राखून ठेवले. क्वेटिकोत उद्यान झाल्यावर लाक ला क्रोआच्या लोकांची राखीव भूमी १९१५ साली रद्द झाली, आणि त्याबद्दल ओंटारिओ सरकारने माफी मागितली ती १९९१ साली. अरण्यात माणूस हा न थांबणारा पाहुणा असतो, ही कायद्याची कल्पना या इतिहासापुढे ठेवून वाचली पाहिजे. जो घरचा होता त्याला पाहुणा कोणी केले? विल्यम क्रोनन यांनी १९९५ साली ‘वाइल्डरनेस’ ही संकल्पनाच तपासली, ती याच अंगाने. परवान्याचे समर्थन करताना आम्ही हा प्रश्न बाजूला सारू शकत नाही: दार कोणासाठी आहे हे ठरवण्याआधी घर कोणाचे होते ते सांगावे लागते. व्याघ्रप्रकल्पांतून उठवलेल्या कोरकू गावांची कथा ठाऊक असलेल्या मराठी वाचकास हे वेगळे समजावून द्यायला नको.

मराठीत मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण आपल्यापुढे आहे. वनाधिकारी आणि लेखक या दोन्ही भूमिका एका माणसात नांदू शकतात, आणि खात्याच्या नोंदवहीतून ‘रानवाटा’सारखे गद्यही फुटू शकते. तेव्हा निसर्गलेखन शिकवताना त्या त्या अरण्याची नियमावलीही विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, असे आम्ही सुचवितो. किती माणसे, किती होड्या, चूल कुठे, शौचकूप किती मागे, लाकूड कोणते तोडायचे नाही, हे सारे त्यात साध्या वाक्यांत असते. ललित उताऱ्याशेजारी ते ठेवून वाचले म्हणजे विचारता येते, की लेखकाने कोणती वाक्ये घेतली आणि कोणती गाळली. आमच्या समजुतीप्रमाणे त्या तासाला वर्गात चांगला वाद होईल.