दाढ काढली, तरी दुखणे तसेच!

गालफाड दुखू लागले की आपल्याकडे पहिला संशय दाढेवर जातो. दाढ काढून झाली की कानावर आणि मग सायनसवर. घशात टोचत असेल तर आपल्या कोकणात निदान ठरलेलेच असते : माशाचा काटा अडकला! मग कोरड्या भाताचे घास आणि केळी सुरू होतात. (खरा काटा अशाने आणखी रुतू शकतो, तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा.) पण महिनोन् महिने टोचणारा ‘काटा’ बहुधा माशाचा नसतो. क्वचित तो आपल्याच हाडाचा असतो.

कानाच्या खाली, कवटीच्या तळाशी दोन्ही बाजूंना स्टायलॉइड नावाचे सुळक्यासारखे बारीक हाड असते. त्याची लांबी साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. काहींत ते याहून लांब वाढते, किंवा त्याला जोडलेला बंध चुना साठून हाडासारखा कडक होतो. त्याचे टोक टॉन्सिलजवळ येते. शेजारूनच घशाच्या व चेहऱ्याच्या नसा आणि मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. वॉट ईगल यांनी १९३७ साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ईगल सिंड्रोम म्हणतात.

लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. दुखणे बहुधा एकाच बाजूला असते. गिळताना, जांभई देताना, मान वळवताना ते वाढते. कान दुखतो, पण कानात काही सापडत नाही. काहींना टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर त्रास सुरू होतो.

निदानाची पहिली पायरी अगदी साधी आहे. हातमोजा घालून टॉन्सिलच्या जागी बोटाने चाचपावे. टोकदार हाड लागले आणि पेशंट म्हणाला, “हेच, हेच ते दुखणे!” तर संशय बळावतो. तिथे बधिरतेचे औषध दिल्यावर दुखणे तात्पुरते थांबले तर अधिकच. मग सगळा जबडा एकत्र दाखवणारा ओ. पी. जी. एक्स-रे आणि गरज पडल्यास सी. टी. स्कॅन.

या चाचपणीला यंत्र लागत नाही. तरी ती सहसा होत नाही, कारण डॉक्टरला घाई असते आणि पेशंटला ओकारीची भीती. माझे स्पष्ट मत आहे की, चेहरा महिनोन् महिने दुखत असेल तर एक्स-रे आणि घशाची तपासणी झाल्याशिवाय एकही दाढ काढू नये. काढलेली दाढ परत येत नाही.

मात्र दुसरे टोकही गाठू नये. डॉ. ईगल यांच्या अंदाजाप्रमाणे शंभरात चौघांचे हे हाड लांब असते आणि त्यांतही शंभरातल्या चौघांनाच त्रास होतो. म्हणजे दहा हजारांत जेमतेम सोळा! तेव्हा रिपोर्टमध्ये ‘हाड लांब’ असे आले म्हणून लगेच ऑपरेशनला धावू नये. लक्षणे, बोटाची तपासणी आणि फोटो या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

उपचाराची सुरुवात वेदनाशामक गोळ्या, नसांच्या दुखण्यावरची औषधे किंवा त्या जागी इंजेक्शन यांनी करतात. अनेकांना ‘हा कॅन्सर नाही’ एवढे कळले तरी अर्धे बरे वाटते. त्रास असह्यच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ हाड आखूड करतात. तोंडातून केले तर व्रण दिसत नाही, पण जागा अरुंद असते. मानेतून केले तर नीट दिसते, पण व्रण राहतो आणि चेहऱ्याच्या नसेला जपावे लागते. बहुतेकांना आराम पडतो. सर्वांना पडेलच अशी हमी कोणी देऊ नये.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. तंबाखू, मिश्री किंवा विडीची सवय असलेल्यांनी एका बाजूचा घसा वा कान दोन-तीन आठवड्यांहून अधिक दुखत असेल, तर आधी कॅन्सर नाही ना, याची खात्री करून घ्यावी. हाडाचा विचार त्यानंतर. जिल्हा रुग्णालयात किंवा तज्ज्ञांकडे जाताना जुने एक्स-रे बरोबर न्यावेत आणि संकोच न करता विचारावे, “डॉक्टर, घशात बोट घालून पाहता का?”